लग्न संपल्यावर उरलेला सिनेमा

आमचं घर भित्र्यांचं होतं. आई सापाला, विजेच्या कडकडाटाला आणि रेशन दुकानदाराला भ्यायची. बाबा साहेबांना भ्यायचे, आणि त्यात आपपरभाव नव्हता, कोणताही साहेब चालायचा. जीपचा आवाज आला की त्यांचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जाई. मी सगळ्यालाच भ्यायचे. एक माझी मोठी बहीण तेवढी कशालाच भीत नसे. सगळ्या घराच्या वाटचं धाडस हिनं एकटीनंच गिळलं, असं आई तिला चिडून म्हणायची. ताई त्यावर आणखी मोठ्यानं हसायची.

बाबा इटियाडोहच्या कालव्यावर गेट चालवायचे. धरणातून निघालेला कालवा आमच्या वसाहतीला लागून जातो, तिथलं एक गेट त्यांच्या ताब्यात होतं. वरून हुकूम आला की लोखंडी चाक फिरवून पाणी सोडायचं, हुकूम आला की बंद करायचं. पाण्यासोबत जे वाहून येई ते गेटपाशी अडकायचं. ओंडके, चपला, एखादं मेलेलं वासरू. आणि कधी कधी माणूस. तसं झालं की बाबा त्या दिवशी जेवत नसत, अंघोळ करून भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आई आम्हाला दटावायची, "बाबाले काही इचारू नोको." न विचारताही मला कळायचंच. त्या पाण्याची धास्ती माझ्या पोटात तेव्हापासून आहे.

ताईचं लग्न नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात झालं. तिला दिलं ते गाव आमच्याच कालव्यावर, पण अगदी शेवटच्या टोकाला, जिथं पाणी पोचता पोचता दमून जातं. लग्न साधंच. समाजमंदिरासमोर मांडव, बुद्धवंदना, दोन्ही फोटोंपुढे उभे राहून नवरानवरीनं हार घातले, आणि पाहुणे जेवायला धावले. ताई पांढऱ्या साडीत होती. निघताना ती रडली नाही. रडायचं काम आईनं आणि मीच केलं, आणि शूटिंगवाल्यानं ते मन लावून टिपलं.

या शूटिंगवाल्याच्या धंद्यातली एक खुबी आम्हाला नंतर कळली. कोरी कॅसेट महाग पडते म्हणून तो गोंदियातल्या बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्रऱ्यांमधून जुन्या कॅसेटी ढिगानं उचलून आणायचा. सिनेमाच्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून तिच्या कडेचा एक तुकडा मोडून खाच केलेली असते. हा पठ्ठ्या त्या खाचेवर चिकटपट्टी लावायचा, जुन्या लेबलावर गुलाबाच्या फुलांचं "मंगल परिणय" असं लेबल डकवायचा, आणि वर लग्न भरायचा. लग्न सिनेमापेक्षा तोकडं पडलं की मागं सिनेमाचं शेपूट उरायचं. आमच्या वसाहतीत एका घरी विदाईनंतर घोड्यावरून डाकू यायचे, आणि त्या घरची मुलं खास तेवढ्यासाठी आत्याचं लग्न पाहायची. आमच्या वाट्याला एक परदेशी घर आलं.

व्हीसीआर शेजारच्या मेकॅनिककाकांचा. त्यांच्या क्वार्टरचं छत गळायचं, आमचं गळत नव्हतं, म्हणून पावसाळा लागला की त्यांचं ते यंत्र आमच्याकडे राहायला येई आणि दिवाळी झाल्यावरच परत जाई. त्या वर्षी ते आलं तेव्हा आम्ही पहिल्यांदा कॅसेट लावली. मांडव, वंदना, हार, जेवणाच्या पंगती, मग ताईचा चेहरा मोठा होत होत पडदाभर झाला. त्याच्याभोवती गुलाबाच्या पाकळ्या फिरल्या. मग पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या आल्या. आणि मुंग्या गेल्यावर पांढऱ्या कपड्यांतली एक बाई खिडकीशी पाठमोरी उभी होती.

मी दहा वर्षांची होते. मला वाटलं, ताईच आहे. आत्ता तर पांढऱ्या साडीत निघाली होती, आता सासरी पोचली असेल. लग्नानंतर नवरीचं काय होतं हेसुद्धा शूटिंगवाल्यानं दाखवलं असेल, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मग ती बाई वळली. गोरी, निळ्या डोळ्यांची, अनोळखी. माझी दातखीळ बसायची बाकी राहिली.

सिनेमा अर्धा तास होता, पण त्यात होतं म्हणाल तर काहीच नव्हतं. पाण्याकाठी एक जुनं घर. लांब टेबलाभोवती माणसं जेवायला बसलेली. एक म्हातारा, एक म्हातारी, एक तरुण, दोन मोठ्या मुली. मधूनमधून ते काही पुटपुटायचे, कोणत्या देशाची भाषा ते कोण जाणे. त्या बाईशी मात्र कुणी बोलत नव्हतं, आणि ती तर तोंडच उघडत नव्हती. ताटाला चमचा लागल्याचा आवाज, घड्याळाचा आवाज, बाहेर धुकं. धुकं मला नवं नव्हतं, हिवाळ्यात धरणाच्या अंगाला रोज पडतं, पण ते ऊन आलं की उठून जातं. या घराबाहेरचं धुकं जागचं हलत नव्हतं.

शेवटी ती बाई खिडकीत बसून केस विंचरायची. विंचरून झालं की फणी अंगातल्या कोटाच्या खिशात टाकायची, जोडे हातात घ्यायची, आणि सगळे जेवत असताना दार उघडून अनवाणी बाहेर पडायची. पाण्याच्या दिशेनं. धुक्यात तिची पाठ थोडा वेळ दिसायची, मग दिसायची नाही. उघडं दार कितीतरी वेळ तसंच. मग म्हातारा उठून ते लावून घ्यायचा आणि परत येऊन जेवायला बसायचा. संपलं.

"कोनी मेलं का यायच्या घरी?" आईनं पहिल्यांदा पाहून विचारलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "पाह्य न वं, सगरे वाढून घेतेत, तिले कोनी इचारत नाही." बाबा शेवट येण्याआधी उठून जायचे. कालव्यावर काम आहे म्हणायचे. पाण्याकडे चाललेली बाई त्यांना पाहवत नसे, हे आम्हाला ठाऊक होतं.

मला भीती वाटायची आणि मी पाहायचेही. ताईला पाहायचं तर लग्न लावावं लागे, आणि लग्न लावलं की पुढचं आपोआप यायचं. बटण दाबून बंद करावं एवढं साधं होतं ते. पण मुंग्या सुरू झाल्या की माझा हात उचलला जात नसे. पाहिलं नाही तर तिकडे ताईचं काहीतरी होईल अशी समजूत मी करून घेतली होती. ती बाई आणि ताई वेगळ्या आहेत हे मला नीट कळत होतं. तरी कॅसेट एकच होती ना. ताईच्या चेहऱ्यामागून दर वेळी तीच बाई यायची.

त्या वर्षी पावसानं शेवटी दगा दिला. लवकर पिकणारे हलके धान निघायला आले होते, पण उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला अजून एक पाणी हवं होतं. धरणात साठा कमी, म्हणून वरून हुकूम आला की गेट बंद. बाबांनी बंद केलं आणि शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्यात ताईच्या सासऱ्यांचा निरोप आला, आपली बांधी, म्हणजे भारी धानाचं शेत, वाळून राहिली, आता आपण सोयरे आहोत, तर साहेबांच्या नजरेआड थोडं पाणी सोडा. बाबांची झोप उडाली. पोरगी दिलेलं घर, नाही कसं म्हणणार? आणि साहेबाला कळलं तर नोकरी जाईल. दोन दिवस ते चाकाजवळ जाऊन हात लावून परत येत. शेवटी साहेबाची भीती जिंकली. त्यांनी पाणी सोडलं नाही.

आई त्यांच्यावर उखडली. "एवढंसं पानी सोडलं असतं तर का धरन रिकामं होत होतं? पोरीले आयकून घ्या लागन आता." बाबा खाली मान घालून बसले. मलाही त्यांचा राग आला. सगळ्यांचे बाबा काही ना काही जमवून आणतात, आमचे मात्र जीपच्या आवाजाला भितात, असं मला वाटलं आणि लाज वाटली.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, रात्री नाटक, आणि त्या निमित्तानं लेकी-जावई घरी येतात. आमच्या गावच्या मंडईला जावईबुवा ताईला घेऊन आले, तिला सोडून मित्रांकडे गेले, चार दिवसांनी न्यायला येतो म्हणाले.

ताई वाळली होती. पण मला भीती वाटली ती त्याची नाही. ती बोलत नव्हती. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची, तेही हो किंवा नाही. मी तिला पाळण्यावर चल म्हटलं तर "तू जाय" म्हणाली. ही तीच ताई, जी पाळण्यात उभी राहून पाळणेवाल्याला आणखी जोरात फिरव म्हणून ओरडायची. आईनं विचारलं, "सासरचे काही बोलतेत का वं, पान्यापायी?" ताई म्हणाली, "नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "बोलत नाहीत." आईला बरं वाटलं. मला नाही वाटलं.

व्हीसीआर अजून परत गेला नव्हता, दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं स्वतःच कॅसेट मागितली. लग्न तिनं पुढे पळवलं. मांडव, हार, पंगती, आईचं रडणं, सगळं धावत गेलं. मुंग्या संपल्यावर तिनं बोट काढलं आणि पडद्यासमोर मांडी घालून बसली. पूर्ण पाहिलं. म्हाताऱ्यानं दार लावल्यावर तिनं कॅसेट मागं नेली, आणि पुन्हा पाहिलं. पडद्यावर ती बाई पाठमोरी आणि माझ्यासमोर ताई पाठमोरी. मी आईला बोलवायला गेले, आणि आईला काय सांगावं ते कळेना. सिनेमाच तर पाहत होती.

"ताई, हे बाई बोलत काऊन नाही?" मी धीर करून विचारलं.

"कोनासंग बोलन?" ताई म्हणाली.

चौथ्या दिवशी जावई आले. चहा झाला, फराळाचं झालं. बाबा त्यांच्यासमोर हात बांधल्यासारखे बसले होते, पाण्याचा विषय निघू नये म्हणून मंडईतल्या नाटकाचं कौतुक करत होते. ताई आतून पिशवी घेऊन आली. केस विंचरलेले, पांढरी नाही पण फिकट साडी, चेहऱ्यावर काहीच नाही. ती चपला घालायला दाराशी वाकली, आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली.

"तिले पाठवू नोको वं माय! ते पान्यात जाईन!"

आई माझ्यावर धावून आली. "का बोलून राहिली, मेले!" जावई हसले. लहान आहे, सिनेमा पाहून भ्याली असेल, असं काहीतरी म्हणाले. मग सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. आता ती हसेल, मला एक टपली मारेल, येडी आहे म्हणेल, याची सगळे वाट पाहत होते. मीसुद्धा. ती मला नेहमी अशीच हसायची.

ताई हसली नाही. एक चप्पल पायात, एक हातात, ती तशीच खाली पाहत उभी राहिली. जावयांचं हसू उतरलं. मी बाबांकडे पाहिलं. गेटमधून माणूस काढल्यावर व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

बाबा उठले. म्हणाले, "जवाई, तुमी जा. ते नाही येत."

"म्हंजे कवा पाठवता?"

"नाही पाठवत," बाबा म्हणाले, आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

पुढं बरंच झालं. बैठका झाल्या, सोयरे मध्ये पडले, समाजातली मोठी माणसं समजवायला आली. बाबा प्रत्येकाला भ्याले आणि प्रत्येकाला नाही म्हणाले. ताईनं त्या पावसाळ्यात काय सोसलं ते तिनं कधी पूर्ण सांगितलं नाही. तुकड्या-तुकड्यानं कळलं ते एवढंच, की लग्नापासून तिचं तिथं कुणाशी पटलं नाही, आणि पाणी मिळालं नाही त्या दिवसापासून त्या घरानं तिच्याशी बोलणं बंद केलं. कामाचंसुद्धा बोलत नसत. ताट वाढलेलं नसे, भांडी मात्र ठेवलेली असत. ती पुन्हा शिकली, गोंदियात नर्स झाली. वर्षाच्या आत तिचा आवाज परत आला, आणि वॉर्डातले पेशंट अजून त्या आवाजाला दचकतात. लग्नाची कॅसेट आईनं ट्रंकेच्या तळाशी टाकून ठेवली. जाळून टाक असं मी म्हटलं तर मात्र ताई नको म्हणाली.

आई गेली. बाबा रिटायर होऊन गोंदियात ताईकडे राहायला आले. मीही गोंदियातच, नोकरी करते, संसार करते, आणि अजून विजेला भिते. इंटरनेट आलं तेव्हा एका रिकाम्या दुपारी मी हरवलेले सिनेमे शोधणाऱ्या लोकांच्या एका गटात आमचं ते घर लिहून टाकलं. पाण्याकाठचं घर, टेबल, न बोलणारी बाई, फणी, धुकं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मला वाटलं कुणी वाचणारही नाही. संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी मला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यात एक जण मराठी निघाला, पुण्याचा. त्यानं फोनच केला. "मॅडम, आपण जे लिहिलंय ते खरं असेल तर मला आज झोप लागणार नाही," म्हणाला. गोंदियात असं बोलणाऱ्या माणसाला लोक आधी पाणी पाजतात.

त्यानं सांगितलं ते असं. तो सिनेमा ज्या देशात निघाला तिथंही फारसा कुणी पाहिला नव्हता. लांब होता, म्हणून दोन कॅसेटींत निघाला, आणि प्रतीही थोड्याच निघाल्या. पहिली कॅसेट जगात काही लोकांकडे आहे. दुसरी कुणाकडेच नाही. ती गोंदियातल्या लायब्ररीत कशी येऊन पडली हे त्यालाही सांगता आलं नाही. जुने सिनेमे जमवणाऱ्यांना त्याचं वेड लागलं ते त्यातल्या वातावरणापायी, तो म्हणाला. वातावरण हा शब्द तो पुनःपुन्हा म्हणायचा. घड्याळ, धुकं, भांड्यांचा आवाज. आणि शेवट कुणाला माहीत नाही म्हणून. त्यांच्यात दोन तट होते. बहुतेकांचं म्हणणं, ती शेवटी पाण्यात जीव देते, असं कुठंतरी छापून आलं होतं. हा गृहस्थ मूठभर लोकांपैकी होता, जे म्हणत होते ती वाचते. "माझ्याकडे पुरावा काही नाही. पण पहिल्या भागात ती इतकी बोलते हो, इतकी हसते."

मी ताईला सांगितलं तर ती तेवढ्यावरच अडकली. "बोलते? ते बाई बोलते?"

तो गृहस्थ रेल्वेनं आला. बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला व्हीसीआर, बाकी कपडे जेमतेम. ट्रंकेतून कॅसेट काढली तर आतल्या पट्टीवर पांढरी बुरशी. त्याचा चेहरा उतरला. अख्खी सकाळ तो कापूस आणि स्पिरिट घेऊन पट्टी पुसत बसला. ताईनं हॉस्पिटलातल्या सवयीनं त्याच्या हातातून कापूस घेतला आणि निम्मं काम तिनंच केलं. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "हे बघा, पट्टी कुजत आलीय. लावताना तुटू शकते. यावर आपलं लग्न आहे. आपली संमती असेल तरच."

"लग्न तुटलंच आहे," ताई म्हणाली. "सिनेमा नोको तुटू देऊ."

त्यानं आधी स्वतःकडचा पहिला भाग लॅपटॉपवर दाखवला. ती बाई बोटीतून येत होती. नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून, भरभर, मोठ्यानं, खिदळत बोलत होती. कोणती भाषा ते त्यानं सांगितलं, पण ताईचं लक्ष नव्हतं. ती तो आवाज ऐकत होती. तोंडावर पदर धरून ऐकत होती. इतकी वर्षं ज्या बाईला आम्ही मुकी समजत होतो ती ताईसारखंच हसत होती. मला पुढचं पाहवेना.

मग आमची कॅसेट. दुपार होती, पडदे लावलेले. बाबा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. यंत्रातून करकर आवाज यायला लागला. पडद्यावरची आई पुसट होत होती, पुन्हा येत होती. पंगती आल्या, ताईचा चेहरा आला, पाकळ्या फिरल्या, मुंग्या आल्या. मी डोळे मिटले. पन्नाशीच्या त्या गृहस्थानं माझ्या बाजूला श्वास रोखलेला मला जाणवत होता. पट्टी तुटली नाही, मी डोळे उघडले. खिडकी, टेबल, घड्याळ. केस विंचरणं. फणी खिशात. जोडे हातात. दार. या वेळी बाबा उठून गेले नाहीत. म्हाताऱ्यानं दार लावलं.

त्या गृहस्थानं कॅसेट थांबवली. डोळ्यांत पाणी होतं. "काय वातावरण आहे," म्हणाला, पण त्यात जीव नव्हता. "मी चुकलो म्हणायचं. सरळ पाण्याकडेच गेली की ती."

"नाही बुडाली ते," ताई म्हणाली.

"तुम्हाला असं वाटतं?" त्यानं एकदम आशेनं विचारलं.

"माहेरी गेली. फनी घेतली न तिनं. जोडे घेतले. पुढं घालाले लागतेत म्हनून घेतले. मरासाठी निंगालेली बाई फनी कायले घेईन?"

त्यानं वळून पडद्याकडे पाहिलं, जणू ती बाई अजून तिथंच होती. "पण... एवढ्यावरून खात्रीनं कसं सांगता?"

"मी नव्हती घेतली," ताई म्हणाली.

आम्हाला कुणालाच लगेच कळलं नाही. तिनं ते पेशंटचा ताप सांगावा तसं सांगितलं होतं. मग मला कळलं, आणि दहा वर्षांची असताना जी भीती वाटली होती ती जशीच्या तशी पुन्हा अंगातून गेली. मी तिचा हात धरला. तो थंड नव्हता, चांगला ऊन होता, तरी मी सोडला नाही.

"कवा?" कोपऱ्यातून बाबांनी विचारलं.

"मंडईच्या आंधी. घरचे सगरे बांधीवर गेले होते. मी तशीच निंगाली, चपलाबी नाही घातल्या."

"मंग?"

"मंग का बाबा? कालव्यात पानीच नव्हतं. नुस्ता चिखल. थोडा वेळ बसली काठावर, पाय भाजाले लागले तं वापस आली." ती हसली. "तुमी बंद करून ठेवलं होतं न."

बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि मी पाहिलं, बोटं मिटत होती, उघडत होती. लोखंडी चाक धरायची सवय गेली नव्हती. त्या पाहुण्यानं हळूच कॅसेट बाहेर काढली आणि दोन्ही हातांत धरून बसला. त्याला बोलण्यातलं सगळं समजलं नव्हतं, पण विचारायचं नाही एवढं समजलं होतं.

"इवाईचा निरोप आल्ता," बाबा शेवटी म्हणाले. सासऱ्यांच्या निरोपाचं ते ताईला जणू पहिल्यांदाच सांगत होते. "मी दोनदा चाकापाशी गेल्तो. सोडनारच होतो."

"मंग सोडलं काऊन नाही?"

"भेलो," बाबा म्हणाले.